पान एकशे त्रेचाळीसची तळटीप

सरांनी विनोद सांगायला घेतला की आम्ही विद्यार्थी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो, कारण नेमकं हसायचं कुठं हे कळायचं नाही. "हा विनोद मला आपल्या ग्रंथालयातल्या शिपायांनी जिन्यावर सांगितला," अशी सुरुवात व्हायची. "त्यांनी तो मिरजेच्या मेव्हण्याकडून ऐकला. मेव्हण्यानं कुठून ऐकला ते त्यांना आठवत नाही, तेव्हा मूळ विनोद थोडा वेगळा असू शकेल." एवढं झाल्यावर विनोद यायचा. तोवर चहावर साय धरलेली असायची. शेवटी सर एकटेच खदाखदा हसायचे आणि डोळे पुसत म्हणायचे, "शेवटचं वाक्य मात्र माझं हं, शिपायांना दोष देऊ नका."

सर सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. पीएच.डी.साठी ते माझे मार्गदर्शक होते आणि मी त्यांच्याकडे सहा वर्षं काढली. 'काढली' हाच शब्द बरोबर आहे. मी राहायला कोरेगावात, तिथल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, मिस्टर फौजेत, आणि महिन्यातून दोनदा पहाटेची पॅसेंजर पकडून सांगली गाठायची. सासूबाई म्हणायच्या, "सहा वर्सांत पोरगं साळंत जायला लागतं गं, तुझं एक पुस्तक हुईना!" त्यांचं चुकत नव्हतं. पुस्तक झालं होतं. अडलं होतं ते पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर, संदर्भसूचीत.

संदर्भसूची ही गोष्ट बाकीच्या जगाला ठाऊक असते ती अशी, की प्रबंध लिहून झाल्यावर, टायपिंगवाला घाई करत असताना, मैत्रिणीच्या प्रबंधातून पुस्तकांची जी यादी उचलायची ती. आमच्या सरांना हे सांगायची कुणाची छाती नव्हती. यादीतल्या प्रत्येक पुस्तकाचं पान ते स्वतः बघायचे. बघितलं की हिरव्या पेनानं खूण. नाही बघितलं की लाल. "पान दाखवा," हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा माझं नावही कुणी घेतलं नसेल. खरं तर नाव ते घ्यायचेच नाहीत. प्रत्येकाला गावावरून हाक. "या कोरेगाव, बसा." "तासगाव, तुमचं दुसरं प्रकरण फार गोड झालंय, द्राक्षांच्या पट्ट्यातला माणूस दिसतो."

हा तासगाव म्हणजे एम.ए.चा एक विद्यार्थी. त्यानं प्रबंधिकेला झोकात चाळीस संदर्भ जोडले होते. त्यातल्या एका पुस्तकाचं पान सरांना काही सापडेना. कॉलेजचं ग्रंथालय झालं, गावातलं नगरवाचनालय झालं, पुण्याला दोन फोन झाले, कोल्हापूरला एक चक्कर झाली. अकरा दिवसांनी त्यांनी तासगावला बोलावलं. मी तिथंच बसले होते.

"हे पुस्तक तुम्ही कुठं बघितलंत?"

"सर, मोबाइलवर विचारलं हुतं. त्यानं दिलं."

"त्यानं दिलं ते ठीक. त्याला कुणी दिलं?"

तासगावनं मोबाइल हळूच खिशात घातला. ते पुस्तक नव्हतंच. लेखक नव्हता, प्रकाशक नव्हता, मोबाइलनं सगळं आपल्या मनानं रचून दिलं होतं. मला वाटलं, आता हा मेला. मी असते तर ती प्रबंधिका खिडकीतून भिरकावली असती. सर मात्र चष्मा काढून बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग म्हणाले, "बिचारा. जन्माला यायच्या आधीच पुस्तक लिहून बसला." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि ते त्या नसलेल्या लेखकाबद्दल. तासगावला त्यांनी चाळीसच्या चाळीस पुस्तकं हातात घेऊन बघायला लावली. चाळीसची सव्वीस झाली, पण सव्वीस खरी झाली.

यावरून कुणाला वाटेल की सर जुन्या वळणाचे होते, संगणकाचं वावडं असलेले. तसं नव्हतं. संदर्भ सांभाळायचं जे सॉफ्टवेअर असतं ते सत्तावन्नाव्या वर्षी शिकून आम्हाला त्यांनीच शिकवलं. "मशीन स्वल्पविराम फार नीट देतं," असं कौतुकही करायचे. "पान उघडायला मात्र आपल्यालाच जावं लागतं." आणि तरीसुद्धा प्रत्येक संदर्भाचं एक कार्ड ते हातानं लिहायचेच. ही कार्डं लग्नपत्रिकांची. घरी पत्रिका आली की सर आधी तिची पाठ बघायचे. पाठ कोरी असली की चेहरा खुलायचा. मुहूर्त टळला की पत्रिकेचे कात्रीनं चार तुकडे, आणि ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, विषयवार. मला एकदा मेंढरांच्या स्थलांतरावरचा लेख हवा होता. कार्ड हातात आलं, उलटून बघते तर अर्धा गणपती आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरू'. पुढचा 'न' दुसऱ्या कुठल्या तरी डब्यात गेला असणार.

वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, हे सगळं हसत सोसलं होतं. त्यांच्या हातचे पोहे फार छान असत. मी एकदा तसं म्हटलं, तर त्या काही बोलायच्या आत सर म्हणाले, "शेंगदाणे आधी तळून बाजूला काढायचं ही समोरच्या जोशीकाकूंची पद्धत आहे." वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, लग्नात सप्तपदीच्या वेळी गुरुजींना विचारत होते, हे कुठल्या ग्रंथात आहे म्हणून. गुरुजी म्हणाले, आधी चाला!" सर शांतपणे पोहे खात होते. "त्यांनी नंतर ग्रंथ सांगितला," ते म्हणाले. "पान नाही सांगितलं."

लोक हसायचे त्यांना. स्टाफरूममध्ये त्यांच्या नकला चालायच्या. मीसुद्धा केल्या आहेत, खोटं कशाला बोलू? गाडीत मैत्रिणींना 'पान दाखवा' करून दाखवलं की अख्खा डबा हसायचा. पण एक सांगते. गावोगाव हिंडून ज्यांच्याकडून आम्ही माहिती गोळा करायचो, त्यांना इतर प्रबंधांत 'उत्तरदाता क्रमांक सात' म्हणतात. सरांच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधात त्यांचं अख्खं नाव असायचं, गाव असायचं, आणि हे सगळं थोरामोठ्यांच्या पुस्तकांच्या बरोबरीनं, त्याच यादीत, अकारविल्हे. एका मोठ्या प्राध्यापकांच्या नावाखाली लगेच टाकळीच्या एका पाणक्याचं नाव आलं होतं. विद्यापीठातून त्यावर शेरा आला. सरांनी उलट पत्र धाडलं, "वर्णमालेतला क्रम मी ठरवलेला नाही." आधी अर्थात त्या माणसाची परवानगी घ्यायची. नको म्हणाला तर सरांचा आग्रह नसे. पण नको म्हणणारे फार थोडे असत. बहुतेक जण विचारायचे, "छापून येनार? माझं?" आणि मग शर्टाचं बटण लावून बसायचे.

माझा विषय होता दुष्काळातलं अन्न. जत तालुक्यात, जिथं पाऊस येतो तेव्हा आला म्हणतात आणि एरवी टँकर येतो, तिथं जुन्या दुष्काळांत माणसं रानातलं काय काय खाऊन जगली, ते मला लिहायचं होतं. घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू असला पालाही होता आणि बरबड्याचं बीसुद्धा होतं. बरबडा हे रानात माजणारं तण. धान्य संपलं की बायका त्याचं बी झाडून आणायच्या आणि त्याची भाकरी करायच्या. या भाकरीवर माझं अख्खं तिसरं प्रकरण उभं होतं, आणि प्रकरणाला आधार होता एका जाड निळ्या पुस्तकाचा. सगळे तेच पुस्तक उद्धृत करतात. लेखक पुण्याचे, मोठे अभ्यासक, जुन्या दुष्काळात जतच्या पूर्वेला महिनाभर मुक्काम करून गेलेले. पान एकशे त्रेचाळीसवर बरबड्याची सगळी कृती आहे, आणि खाली तळटीप, 'ही माहिती एका स्थानिक मेंढपाळाकडून मिळाली.'

पुस्तक सरांच्याच कपाटातलं. पान मी त्यांच्यासमोर उघडलं. आणि संदर्भसूचीतल्या सगळ्या ओळींना हिरव्या खुणा झाल्या, या एका ओळीपुढं सरांनी ना हिरवी केली ना लाल. कोरी सोडली.

"सर, पान तर बघितलंत."

"पान बघितलं. मूळ बघितलं नाही."

"मूळ काय बघायचं? पन्नास वर्षांपूर्वीचा मेंढपाळ तो."

"त्याला नाव असेल की."

"तुम्हाला माहीत आहे का?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकल स्टँड होता. "माझ्या माहितीला इथं किंमत नाही," ते म्हणाले.

हे वर्षभर चाललं. माझ्या आधीच्या दोघांचंही याच ओळीपाशी अडलं होतं, असं नंतर कळलं. त्या दोघांनी ओळच खोडली आणि सही घेऊन मोकळे झाले. मला ते शक्य नव्हतं, तिसरं प्रकरण कोसळलं असतं. इकडे विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढ संपत आली होती. सोमवारी प्रबंध पोचला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात, आणि कॉलेजात निघालेली कायम जागा दुसऱ्या कुणाला. त्याआधीच्या बुधवारी मी सरांसमोर प्रबंधाची चळत आपटली.

"सर, सही करा."

"बाकी सगळं झालंय, कोरेगाव. एवढी एक ओळ."

"एका ओळीसाठी माझं वाटोळं करताय तुम्ही. तुम्हाला माणसांपेक्षा पानं प्यारी आहेत."

असं बोलून गेले. माझा स्वभाव तापट, आणि गाडीला उशीर होत होता. सर रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "पुस्तकात गावाचं नाव आहे. तिथं अजून माणसं राहतात." आणि हे म्हणताना ते अगदी गावाकडच्या बोलीत घसरले, "जाऊन तर या की, बाई."

मी गुरुवारी गेले ते त्यांच्यावर चडफडत. सांगलीहून जत एस.टी.नं, पुढं वडापची, माणसं कोंबून भरली की सुटणारी, जीप. एप्रिल महिना, ऊन मी म्हणत होतं. गावात शिरले तर टँकर आलेला, आणि बायका घागरींच्या रांगेत मराठी-कानडी एकत्र करून भांडत होत्या. मी पुस्तक काढून विचारलं, असा असा साहेब पूर्वी इथं राहून गेला, कुणाला काही आठवतंय का. एकीनं माझ्याकडे न बघताच हात केला, "आक्काला इचारा. एवडी म्हातारी दुसरी कोन हाय हितं?"

आक्का छपराखाली बसून लसूण सोलत होती. नव्वदीला टेकलेली असेल, अंगानं चिपाड, पण नजर लख्ख.

"कोन गं? पान्याची मोजनीवाली हैस का?"

"न्हाई आक्का. सांगलीवरनं आलीया. तुमास्नी एक पान वाचून दाखवायचं हाय."

"वाच की. मला कोन वाचून दावतंय?"

मी एकशे त्रेचाळीसावं पान काढलं. वाचता वाचता तळटीप आली, 'एका स्थानिक मेंढपाळाकडून', तशी आक्का हसायला लागली.

"त्यो आमचा धाकला. माझा पाठचा भाऊ. आता न्हाई ऱ्हायला. सायेब आमच्यातच उतरलावता की! च्या लय लागायचा त्याला." मग हसू थांबवून म्हणाली, "त्या भावाचाच पोरगा सांगलीत कालेजात मास्तर हाय. आई लौकर गेली त्याची. मी माघारी आल्याली, इधवा. मीच वाडीवला त्याला."

मी सरांचं नाव घेतलं, तर "त्योच की," म्हणाली. आमच्या सरांचं मूळ गाव जतकडं हे आम्हाला माहीत होतं, पण कुठलं ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

"पोरगं कालेजात शिकत हुतं तवा त्येनं हेच बुक आनलं बग," आक्का सांगत होती. "भाईर कट्ट्यावर बसून बाला वाचून दावलं. बा म्हनला, माझं नाव कुठं हाय? पोरगं म्हनलं, न्हाई, नुसतं मेंडपाळ म्हनून घातलंय. बा म्हनला, आसूं दे, सायेब गुनाचा हुता. पन पोरगं त्या राती जेवलं न्हाई. ताट तसंच सारलं." लसणाची पाकळी तिनं टोपलीत टाकली. "वाच पुडं."

मी पुढं वाचलं. 'बरबड्याचे बी उन्हात वाळवून दळतात व भाकरी करतात.'

"काय म्हनलीस?"

"वाळवून दळतात."

"वाळवून?" आक्का ताठ बसली. "वाळवून न्हवं, भाजून! कच्चं दळलं तर भाकर तव्यावर फुटती, पोटात मुरडा मारतो. कुनी सांगितलं ह्ये?"

"तुमच्या भावानं."

"त्याला काय ठावं? त्यो मेंडरं घिऊन आठ म्हैनं मुलखाभाईर. दुष्काळात चूल कुनी पेटीवली? मी. बी कुनी झाडलं? मी. सायेब मला कशाला इचारतोय? परक्या बापय मानसासंगं बायांनी बोलायचं न्हवतं तवा. सायेब भाईर बाजंवर. त्यो भावाला इचारायचा, भाऊ आत यून मला इचारायचा, मी सांगायची, त्यो भाईर जाऊन सांगायचा. उंबऱ्यावरनं जाताना भाजल्यालं वाळल्यालं झालं, आनि काय!"

मला आठवलं, तालुक्यातल्या तिघी-चौघींनी मला आधीच 'भाजून' असं सांगितलं होतं. माझ्या वहीत ते होतं. पुस्तकात 'वाळवून' म्हणून मी प्रबंधात 'वाळवून' लिहिलं होतं. छापलेलं कसं चुकेल? स्वतःची इतकी लाज मला फार कमी वेळा वाटली आहे.

मी वही काढली, आक्काचं पूर्ण नाव विचारलं, गाव, अंदाजे वय, तारीख, सगळं टिपलं. नाव घालू का, म्हटलं. आक्का विचारात पडली. "माझं कशाला? भावाचंच घाल की. मेल्याल्या मानसाचं नाव ऱ्हाईल. पोराला बी बरं वाटंल."

परतीच्या एस.टी.त मी दोन कागदांवर दोन नोंदी लिहिल्या. एकात सरांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्यात आक्काचं. पहिली दिली तर सही नक्की. सोमवार गाठता येत होता, नोकरीचं जमत होतं, आणि जो माणूस पोरवयात त्या तळटिपेपायी उपाशी झोपला त्याच्या मनातलं होत होतं. आक्काची तर परवानगीच होती. मग यात खोटं ते काय? मिस्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "सही घे आणि मोकळी हो." सांगली येईपर्यंत माझं ठरलं होतं. दुसरा कागद मी पर्सच्या तळाशी घातला.

शुक्रवारी सकाळी विश्रामबागला सरांच्या घरी गेले. पहिला कागद त्यांच्यापुढं ठेवला. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, मेंढपाळ, मुक्काम अमुक, तालुका जत. सरांनी तो वाचला. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"तुम्हाला हे मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही सर."

"सांगता आलं असतं. पण मुलानं बापाचा दाखला दिला तर तो दाखला होत नाही, कौतुक होतं. दुसऱ्या कुणीतरी आपणहून जाऊन, विचारून आणायला हवं होतं." त्यांनी कागदाची घडी बोटानं सपाट केली. "मी नोकरीला लागलो तेव्हापासून वाट बघतोय. आधीच्या दोघांनी ओळ खोडली."

एवढं बोलून त्यांनी खिशातून हिरवं पेन काढलं. टोपण लवकर निघेना. आत वहिनी काहीतरी फोडणीला टाकत होत्या. मी गप्प बसले असते तर सगळं झालं असतं. आजही कधीकधी वाटतं, बसायला हवं होतं. पण सहा वर्षं त्या माणसानं मला छळून छळून जे शिकवलं होतं ते ऐन वेळी माझ्याच घशात आडवं आलं.

"सर, थांबा," मी म्हटलं. "पान दाखवते."

दुसरा कागद काढला आणि सगळं सांगितलं. बाजेवरचा साहेब, आत-बाहेर करणारा भाऊ, वाळवून आणि भाजून. सांगताना मला रडू येत होतं. एका बापाचं नाव यादीत आलेलं त्याच्या मुलाच्या हातून मी काढून घेत होते आणि वर माझाच प्रबंध बुडवत होते, असं मला वाटत होतं.

सरांनी पहिला कागद पुन्हा उचलून बघितला. मग म्हणाले, "मी तिथं होतो."

"कुठं?"

"उंबऱ्यावर. पाच वर्षांचा असेन. वडिलांना मी दादा म्हणायचो. दादा सारखा आत जायचा, बाहेर यायचा. आत जायचा, बाहेर यायचा. मला वाटायचं, साहेबाचा चहा सांगायला जातोय." त्यांनी हातातल्या पेनाकडे बघितलं. "माझ्यासमोर घडलं आणि मी चहा बघितला, कोरेगाव. उभा जन्म त्या साहेबाला नावं ठेवली. आमच्या दादानं तेच केलं होतं. आणि मी तरी त्या दिवशी ते पान कट्ट्यावर वाचलं. आत जाऊन नाही वाचलं."

त्यांनी हिरवं पेन खिशात ठेवलं आणि लाल काढलं. वडिलांच्या नोंदीवर डावीकडून उजवीकडं एक सरळ रेघ मारली. मग उठून बिस्किटाच्या डब्यातून एक कोरं कार्ड आणलं, माझ्या मजकुराकडे न बघताच लिहायला लागले. तळापासून वर. आधी तारीख, गुरुवारची. मग तालुका. मग गाव. मग, 'बरबड्याचे बी भाजून दळण्याविषयी.' सही ते आजच करणार होते हे त्या अक्षरावरून मला कळलं, सोमवारची काळजी एकदम संपली, आणि तरी मला काहीच वाटेना, मी नुसती त्या पेनाकडे बघत राहिले.

सगळ्यात वरची ओळ राहिली होती. पेन तिथं टेकलं आणि थांबलं. शाईचा ठिपका पसरत गेला. सरांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"पोरी," ते म्हणाले, "आक्काचं नाव काय गं?"